ओएम-१ आणि ५० मिमी झुइको: दुरुस्तीनंतरचे आठ महिने, सव्वीस रोल

सर्व्हिस होऊन आलेला जुना फिल्म कॅमेरा पहिल्या आठवड्यात छानच चालतो. आत खरोखर काम झालंय की नुसतं लायटर फ्लुइड (सिगारेट लायटरमधलं इंधन) मारून दिलंय, हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतं. म्हणून ऑलिंपस ओएम-१ आणि तिच्यावरच्या एफ. झुइको ऑटो-एस ५० मिमी एफ/१.८ लेन्सबद्दल हा अनुभव आता, सव्वीस रोल झाल्यावर लिहिला आहे. काय टिकलं, काय पुन्हा बिघडलं, कारागिराला काय विचारायला हवं होतं, हे सगळं आलंय.

मॉडेलबद्दल थोडक्यात. १९७२ साली हा कॅमेरा एम-१ नावाने आला आणि लायकाच्या आक्षेपानंतर त्याचं नाव ओएम-१ झालं. योशिहिसा माइतानी यांची रचना. शटर पूर्ण यांत्रिक, कापडी पडद्यांचं, १ सेकंद ते १/१००० आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं). सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतो, त्यामुळे मीटर मेलेलं असलं तरी फोटो निघतात. बरेच जण त्यामुळेच दुरुस्ती टाळत राहतात आणि आतला फोम आपलं काम शांतपणे करत बसतो.

दुरुस्तीआधीची अवस्था अशी होती: १ सेकंदाला शटर अर्ध्यावर अडायचं, १/१००० ला फ्रेमची एक बाजू काळवंडलेली, मीटरची सुई हलत नव्हती, व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला तपकिरी पट्टा, मागच्या दाराचे सील डांबरासारखे चिकट. लेन्सच्या ॲपर्चरच्या पात्यांवर तेल, आतल्या काचेवर धूसर थर आणि फोकस रिंग जड. या वयाच्या ओएम-१ मध्ये यातलं काहीच नवलाचं नाही.

पहिली मागणी आकड्यांची करा. दुरुस्तीआधी आणि नंतर, प्रत्येक स्पीड तीन ठिकाणी मोजून हवा: पडदा निघतो ती बाजू, मधोमध, आणि पडदा पोचतो ती बाजू. नुसतं «१/१००० बरोबर आहे» याला अर्थ नाही. एक्स-सिंक (फ्लॅश चालतो तो सर्वात वेगवान स्पीड) १/६० असलेल्या आडव्या कापडी शटरात पडद्याला ३६ मिमी पार करायला साधारण १२ ते १४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १/१००० ला दोन पडद्यांमधली फट जेमतेम अडीच-तीन मिमीची. वाटेत दुसरा पडदा पहिल्याच्या एक मिमी जवळ सरकला, तरी त्या बाजूचा तिसरा हिस्सा प्रकाश गेला, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). मधोमध मोजलं तर हे दिसतच नाही.

या बॉडीत दुरुस्तीआधी १/१००० ला एका टोकाला १/९०० आणि दुसऱ्या टोकाला १/२४०० मिळत होतं. फरक जवळपास दीड स्टॉपचा. निळ्या आकाशाच्या फोटोत तो उघड्या डोळ्यांनी दिसायचा. दुरुस्तीनंतरचे आकडे १/८४०, १/८६०, १/८८०. आठ महिन्यांनी पुन्हा मोजले तर १/७९०, १/८३०, १/९००. टोकांमधला फरक वाढतोय, पण अजून स्टॉपच्या पाचव्या हिस्स्याच्या आत आहे आणि फिल्मवर दिसत नाही. हे काम चांगलं झालं असं म्हणता येतं.

चांगलं का झालं, तेही सांगायला हवं. पडदे मागे पडण्याचं कारण बहुतेक वेळा स्प्रिंग सैल होणं नसतं. रोलरच्या टोकांवरचं जुनं वंगण सुकून चिकट झालेलं असतं. सोपा मार्ग म्हणजे बेसप्लेट उघडायची आणि स्प्रिंगचा ताण थोडा वाढवायचा. त्या दिवशी आकडे जुळतात. पण चिकटपणा आतच राहतो, ताण वाढल्यामुळे पडदे ओढणाऱ्या दोऱ्यांवर आणि ब्रेकवर भार येतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत स्पीड पुन्हा घसरतात. योग्य क्रम उलटा आहे: आधी जुनं वंगण पूर्ण काढायचं, टोकांना सुईच्या अग्रावर मावेल इतकंच पातळ तेल द्यायचं, कॅमेरा शे-दीडशे वेळा चालवायचा, आणि मग ताण जुळवायचा. कारागिराला थेट विचारा, «ताण किती वाढवावा लागला?» साफ केल्यावर तो कमी करावा लागला असं उत्तर आलं, तर समजा की काम मुळापासून झालंय.

मंद स्पीडचा कारभार वेगळा. १ सेकंद ते साधारण १/१५ पर्यंत वेळ धरून ठेवणारी छोटी गिअरची गाडी, म्हणजे स्लो स्पीड गव्हर्नर, आवाजावरून ओळखू येते. निरोगी गव्हर्नर एकसारखा भिरभिरतो. अडखळणारा आवाज आला की वंगण घट्ट झालंय. इथेच लायटर फ्लुइडचा मोह होतो, कारण दोन थेंब टाकले की लगेच चालू. पण त्याने विरघळलेलं ग्रीस जातं कुठे? ते बाजूच्या दात्यांत, आरशाच्या यंत्रणेत, कधी पडद्यावर पसरतं, आणि फ्लुइड उडून गेल्यावर तिथे सुकतं. या कॅमेऱ्यातला गव्हर्नर बाहेर काढून धुतला गेला होता. आठ महिन्यांत १ सेकंद ०.९६ ते १.०४ च्या बाहेर गेलेला नाही, थंडीतही नाही. मंद स्पीड घरी तपासायला फोनवर आवाज रेकॉर्ड करून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं तरी १/३० पर्यंत चालतं. १/१२५ च्या पुढे त्या पद्धतीवर विसंबू नका. तिथे प्रकाश मोजणारा सेन्सरच लागतो.

मीटरवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल. ओएम-१ चं मीटर पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. त्याचा व्होल्टेज १.३५ आणि सेल संपेपर्यंत जवळपास स्थिर. असे सेल आता बनत नाहीत. आज सहज मिळणारा सिल्व्हर ऑक्साइड सेल १.५५ व्होल्टचा. तो तसाच घातला की सुई जास्त वर जाते, कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश भरपूर आहे, आणि फिल्मला प्रकाश कमी पडतो. आयएसओ थोडा खाली लावून भागवा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे, कारण चूक सगळ्या उजेडात सारखी नसते. भर उन्हात एक आकडा, खोलीत दुसरा. अल्कलाइन सेल तर त्याहून वाईट, कारण त्याचा व्होल्टेज वापरासोबत उतरत जातो आणि आज जुळवलेलं पुढच्या महिन्यात चुकतं.

यावर तीन मार्ग आहेत. झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा, मूळच्या अगदी जवळ, पण स्टिकर काढल्यापासून तो हवेशी झुंजत असतो आणि काही आठवड्यांतच मान टाकतो. दुसरा मार्ग म्हणजे आत डायोड (व्होल्टेज थोडा कमी करणारा भाग) असलेला अडॅप्टर. कॅमेऱ्याला हात न लावता काम होतं. तिसरा, जो या बॉडीत केला, तो म्हणजे सेलपासून निघणाऱ्या वायरमध्ये एक शॉट्की डायोड जोडणं. तो मीटरच्या किरकोळ करंटला साधारण ०.२ व्होल्ट खातो, १.५५ चे १.३५ होतात. एसआर४४, म्हणजे तोच सिल्व्हर ऑक्साइड सेल, मूळ सेलपेक्षा लहान, व्यास ११.६ मिमी, म्हणून भोवती रबरी रिंग घालावी लागते, नाहीतर तो कप्प्यात डगमगतो आणि सुई मध्येच पडते. रिंग सेलच्या जाडीपेक्षा कमी उंचीची हवी. उंच रिंग झाकणाचा संपर्कच तोडते.

डायोड लावला म्हणून मीटर आपोआप बरोबर होत नाही. डायोडनंतर कॅलिब्रेशन किमान तीन उजेडांत तपासून घ्यावं: कडक ऊन, ढगाळ सावली, घरातला दिवा. या कॅमेऱ्यात पहिल्या दोन्हींत फरक शून्य ते पाव स्टॉप आणि मंद उजेडात अर्धा स्टॉप जास्त उघडा. आठ महिन्यांनीही तसाच आहे. तोच सेल अजून चालू आहे, अर्थात वापर झाल्यावर वरचा स्विच बंद केला तरच. ओएम-१ मध्ये मीटर आपणहून बंद होत नाही. आणखी दोन गोष्टी मीटरचा दोष वाटतात पण दोष नसतात. सीडीएस सेल, म्हणजे मीटरमधला प्रकाश ओळखणारा भाग, उन्हातून सावलीत आल्यावर काही सेकंद रेंगाळतो, तिथे थांबावं लागतं. आणि हे सीडीएस सेल आयपीसच्या (डोळा लावायच्या काचेच्या) शेजारी असल्यामुळे मागून पडलेला उजेड रीडिंग वाढवतो. चष्मा लावणाऱ्यांना हे हमखास जाणवतं. हाताने आयपीस झाकून एकदा रीडिंग बघा, फरक कळेल.

सुई हलत नसण्याचं मूळ कारण मात्र मीटर नव्हतंच. जुना सेल आत फुटून कप्प्यातली वायर हिरवी पडली होती. हा हिरवट गंज वायरच्या आवरणाखालून वर चढत जातो. नुसतं टोक घासून चालत नाही, वायर पूर्ण बदलावी लागते. सेलचा कप्पा धरून ठेवणारे प्लास्टिकचे स्क्रू त्या वयाला ठिसूळ झालेले असतात आणि पिळ देताच तुटतात. कारागिराने ते आधीच सांगितलं तर त्याचा अनुभव आहे असं समजा.

प्रिझमचं, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सरळ दाखवणाऱ्या काचेचं, दुखणं ओएम-१ घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. वरच्या कव्हरखाली प्रिझमभोवती फोमची पट्टी असते. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं विघटित होत चिकट लगदा बनतो. तो लगदा प्रिझमवरच्या काळ्या रंगातून आत उतरतो आणि चांदीचा थर खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी पट्टा, ठिपके किंवा तडे दिसतात. फोटोवर याचा काही परिणाम होत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण गेलेली चांदी परत येत नाही, दुसऱ्या बॉडीतला प्रिझम शोधावा लागतो. म्हणून ओएम-१ हातात आली आणि व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसला, तरी आधी तो फोम काढून घ्या, बाकी सगळं नंतर. तिथे परत फोम लावू देऊ नका. या बॉडीत प्रिझम बदलला आणि फोमची जागा मोकळीच ठेवली. आठ महिन्यांत प्रिझम हललेला नाही, धूळही वाढलेली नाही.

मागच्या दाराचे सील हे त्यामानाने सोपं काम, आणि तरी इथेच हलगर्जी होते. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बांबूच्या काडीने खाचेतून पूर्ण निघायला हवा. त्यावरच नवा फोम चिकटवला तर तो महिन्याभरात सरकतो. काढताना कॅमेरा उलटा धरावा, म्हणजे चुरा पडद्यावर पडत नाही. अरुंद खाचांना साधारण दीड मिमी जाडी पुरते. बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टी लागते आणि उजेडाची गळती बहुतेक तिथूनच होते. दार बंद करताना जोर लावावा लागला तर फोम जाड आहे.

आरशाच्या फोमने इथे त्रास दिला. आरसा वर जाऊन ज्या पट्टीवर आपटतो, ती नव्याने घातलेली पट्टी जाड होती. पहिले दोन महिने काही नाही. तिसऱ्या महिन्यात, उकाडा वाढल्यावर, फोमचा गोंद कडेने थोडा बाहेर आला आणि आरसा वर चिकटू लागला. शटर पडायचं, आरसा एक-दोन सेकंदांनी खाली यायचा. शिवाय फोम जाड असल्याने आरसा पूर्ण वर जात नव्हता. कॅमेरा परत पाठवल्यावर पट्टी पातळ, साधारण दोन मिमीची केली आणि गोंदाची कड साफ झाली. तेव्हापासून तक्रार नाही. तपासायची युक्ती सोपी: लेन्स काढून बी वर शटर दाबून धरा आणि आरसा फोमवर कुठवर टेकतो ते बाजूने बघा. फोम थोडासाच दबलेला दिसायला हवा. दुरुस्ती देणाऱ्याने किमान तीन महिन्यांची हमी द्यावी हा आग्रह याच कारणासाठी. असे दोष पहिल्या महिन्यात दिसत नाहीत.

आता लेन्स. ५० मिमी एफ/१.८ स्वस्त म्हणून तिची सर्व्हिस करू नका, दुसरी घ्या, असं सांगणारे भेटतात. दुसरी लेन्सही तितकीच जुनी, तिच्यातलं ग्रीसही तितकंच सुटलेलं, हे ते विसरतात. हेलिकॉइडच्या (फोकस करताना लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांच्या) ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन पात्यांवर येतं, पाती संथ होतात, आणि एफ/१६ लावलेलं असताना शटर पडेपर्यंत ती एफ/८ पर्यंतच पोचतात. परिणाम ओव्हर एक्स्पोजर, तेही कधी दिसणारं, कधी नाही. ओएमच्या लेन्सवर तपासणं सोपं आहे, कारण डेप्थ ऑफ फील्डचं बटण लेन्सवरच असतं. एफ/१६ लावा, बटण दाबा आणि सोडा. पाती खटकन मिटली आणि खटकन उघडली पाहिजेत. किंचितही रेंगाळली तर तेल आहे.

पाती धुतल्यावर कोरडीच ठेवायची. तिथे वंगण देणारा कारागीर काम बिघडवतो. हेलिकॉइडला मात्र ग्रीस हवंच, आणि त्याचा दर्जा आणि मात्रा इथेच खरं कसब आहे. जास्त पातळ घातलं की फोकस लोण्यासारखा फिरतो, आणि वर्षाभरात तेच तेल परत पात्यांवर. जास्त जाड घातलं की थंडीत रिंग जड. या लेन्समध्ये मध्यम जाडीचं डॅम्पिंग ग्रीस आहे. पहाटेच्या गारठ्यात थोडा अडसर जाणवतो, एरवी फिरणं एकसारखं, आणि टॉर्च लावून बघितलं तर पाती आठ महिन्यांनंतरही कोरडी. हा सौदा योग्य वाटतो.

लेन्स उघडणाऱ्याने दोन खुणा करायलाच हव्यात: फोकस इन्फिनिटीवर, म्हणजे सर्वात दूर, असतानाची, आणि हेलिकॉइड सुटतं त्या नेमक्या जागेची. त्या आट्यांना बसायला अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीवर बसवलं तर रिंग मजेत फिरते, पण इन्फिनिटी येत नाही किंवा तिच्या पलीकडे जाते. परत आलेल्या लेन्सची पहिली तपासणी हीच: दूरचा मनोरा किंवा डोंगराची कड इन्फिनिटीच्या थांब्यावर नेमकी स्पष्ट हवी. आणि माउंटचे स्क्रू बघा. हे जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. साध्या फिलिप्स पेचकसने ते उघडले की फुलीच्या कडा उडालेल्या दिसतात, आणि त्यावरून आत काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो.

फोकसचा हिशेब बॉडी आणि लेन्स दोघांचा मिळून आहे. ओएम माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६ मिमी. फोकसिंग स्क्रीनपर्यंतचा आरशातून जाणारा रस्ताही तेवढाच हवा. आरसा किंवा स्क्रीन काढून बसवलेल्या कॅमेऱ्यात इथे फरक पडतो. ०.४५ मीटरवर, एफ/१.८ ला स्पष्टतेची खोली सगळी मिळून आठ मिमीच्या आसपास, त्यामुळे छोटी चूकही पकडता येते. तिरकी मोजपट्टी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा, तीन फ्रेम घ्या, प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावा. इथे दुरुस्तीनंतर फोकस तीन मिमी पुढे पडत होता; आरशाच्या थांब्याच्या स्क्रूने तो जुळवला. हे त्या आरशाच्या फोमसोबतच दुरुस्त झालं.

चाचणीचा पहिला रोल कलर निगेटिव्ह वापरू नका. ती चूक पोटात घालते. एक स्टॉप ओव्हर झालेली फ्रेम स्कॅनमध्ये छान दिसते आणि शटर बरोबर आहे असा समज होतो. स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपलाही चुगली करते. तिच्यावर एकच सपाट, एकसारखी उजळलेली भिंत १/६० ते १/१००० पर्यंत प्रत्येक स्पीडला, एक्स्पोजर सारखं राहील असं ॲपर्चर बदलत घ्या. सगळ्या फ्रेम सारख्या दिसायला हव्यात आणि प्रत्येक फ्रेम डावीकडून उजवीकडे एकसारखी. त्याच पट्टीवर फ्रेममधलं अंतरही मोजा. ३५ मिमी फिल्म आठ छिद्रं, म्हणजे ३८ मिमी पुढे जाते, फ्रेम ३६ ची, म्हणून मध्ये दोन मिमी राहतात. थोडं कमी-जास्त चालतं. पण रोलभर ते कमी होत जाऊन फ्रेम एकमेकांवर चढू लागल्या, तर वाइंडिंगमध्ये घसरण आहे. इथे पहिल्या रोलपासून सव्विसाव्यापर्यंत अंतर दीड ते सव्वादोन मिमी राहिलं.

पडद्याची छिद्रं अंधारात तपासली होती, लेन्स काढून, मागचं दार उघडून, माउंटमधून टॉर्च मारून. एकही नाही. पडदे असेच टिकवायचे असतील तर ओएम-१ चा आरसा वर अडकवण्याचा खटका वापरून झाल्यावर लगेच परत फिरवा. आरसा वर असताना उन्हाकडे तोंड करून ठेवलेला कॅमेरा लेन्समधून पडदा जाळतो. ठेवताना शटर कधी चढवून ठेवू नये. महिन्यातून एकदा सगळे स्पीड दोन-दोनदा चालवावेत, मंद स्पीड विशेषकरून. लेन्ससाठी ठेवणीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठीक. ६० च्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि ती एकदा कोटिंगमध्ये खोल गेली की पुसून थर जातो पण खुणा राहतात.

पूर्ण न सुटलेली एकच गोष्ट राहिली. लेन्सच्या आतल्या धूसर थरापैकी ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंचा साफ निघाला, पण मागच्या गटातल्या एका पृष्ठभागावरचा नाही, कारण त्याची रिंग जोर लावल्याशिवाय हलत नव्हती आणि कारागिराने काच धोक्यात घालायला नकार दिला. तो निर्णय बरोबर होता. सूर्य मागे असताना फोटोत काही दिसत नाही. सूर्य फ्रेमच्या कडेला आला की सावल्या राखाडी होतात, कॉन्ट्रास्ट पडतो. कडेचा उजेड अडवणारं ४९ मिमीचं खोल हूड लावल्यावर बहुतेक फोटो वाचतात, सूर्य थेट फ्रेममध्ये असेल तेवढे सोडून.